चार अंकी डिस्प्लेवर धावता काउंटर: आर्डुइनो उनोवर पहिल्या वायरपासून शेवटच्या पुडीपर्यंत

माझ्या काकूंचा घरगुती मसाल्याचा व्यवसाय आहे. पुड्या सील होऊन एका पत्र्याच्या घसरगुंडीवरून खाली खोक्यात पडतात आणि खोक्यात बरोबर शंभर पुड्या जायला हव्यात. मोजायला बसलेली बाई पाटीवर खडूने रेघा ओढायची. मध्येच फोन आला किंवा कुणी हाक मारली की मोजणी चुकायची आणि अख्खं खोकं पुन्हा उपसावं लागायचं. त्यांच्यासाठी मी जो काउंटर बनवला, तो इथे पहिल्यापासून लिहिते आहे. घटकाघटकाने पुढे गेलात तर सुट्टीच्या एका दिवसात तुमचाही तयार होईल.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मोजणं हे एक काम आहे आणि मोजलेलं दाखवणं हे दुसरं. नवशिक्यांच्या प्रोग्राममध्ये ही दोन कामं एकमेकांत गुंतलेली असतात आणि बहुतेक बिघाड तिथेच जन्माला येतात. दाखवणारा भाग एक क्षणही थांबता कामा नये. मोजणाऱ्या भागाने आपला आकडा बदलायचा आणि बाजूला व्हायचं.

काय काय लागेल

आर्डुइनो उनो (प्रोग्राम चढवता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड), चार अंकी लाल सेव्हन सेगमेंट डिस्प्ले (कॉमन कॅथोड, म्हणजे एका अंकातल्या सगळ्या एलईडींची उणे टोकं एकत्र जोडलेला, ०.५६ इंची, दुकानात ५४६१एएस म्हणून मागा), ३३० ओहमचे आठ रेझिस्टर, १ किलोओहमचे चार रेझिस्टर, बीसी५४७ चे चार ट्रान्झिस्टर, एक पुश बटण, ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता वायरी खोचायची पट्टी) आणि जंपर वायर. नंतर लागेल तो आयआर, म्हणजे इन्फ्रारेड किरणांनी वस्तू ओळखणारा, सेन्सर मॉड्यूल आणि छोटा बझर. पुण्यात असाल तर बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. एका फेरीत सगळं मिळतं. ट्रान्झिस्टर आणि रेझिस्टर मोजून घेऊ नका, दोन-चार जास्तच घ्या.

डिस्प्ले मात्र दुकानातच तपासून घ्या. मला एकदा कॉमन कॅथोड म्हणून कॉमन ॲनोड दिला गेला आणि मी पूर्ण संध्याकाळ वायरी उलटसुलट करत बसले होते. दिसायला दोन्ही जुळे भाऊ. फरक नंबराच्या शेवटच्या अक्षरांत असतो: एएस म्हणजे कॉमन कॅथोड, बीएस म्हणजे कॉमन ॲनोड. पण अक्षरं पुसटही असतात, म्हणून मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवून पाहा. काळी पिन अंकाच्या कॉमन पायाला आणि लाल पिन सेगमेंटच्या पायाला लावल्यावर रेघ मंद लाल उजळली, तर डिस्प्ले कॉमन कॅथोड. पिना उलट केल्यावर उजळली तर कॉमन ॲनोड.

डिस्प्लेचे बारा पाय

चार अंक, प्रत्येक अंकात सात रेघा आणि एक टिंब. म्हणजे ३२ एलईडी. प्रत्येकाला वेगळी वायर दिली असती तर उनोच्या सगळ्या पिना संपूनही काम झालं नसतं. म्हणून डिस्प्लेच्या आतच जोडणी केलेली असते: चारही अंकांच्या वरच्या आडव्या रेघा एकाच पायाला, चारही मधल्या रेघा दुसऱ्या पायाला, असे आठ पाय. आणि प्रत्येक अंकाचा एक कॉमन पाय, असे चार. एकूण बारा.

रेघांची नावं जगभर एकच आहेत. वरची आडवी ए, तिथून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने उजवी वरची बी, उजवी खालची सी, तळाची डी, डावी खालची ई, डावी वरची एफ, आणि मधली जी. टिंबाला डीपी.

डिस्प्ले तुमच्याकडे तोंड करून, टिंबं खाली येतील असा धरा. खालच्या ओळीत डावीकडून उजवीकडे १ ते ६ पाय: ई, डी, डीपी, सी, जी आणि चौथा अंक. आता वरच्या ओळीत उजवीकडून डावीकडे ७ ते १२: बी, तिसरा अंक, दुसरा अंक, एफ, ए, पहिला अंक. वरची ओळ उलट दिशेने मोजायची असते, इथे हमखास चूक होते. हा क्रम कागदावर काढून ब्रेडबोर्डशेजारी ठेवा.

रेझिस्टर आणि ट्रान्झिस्टर कशासाठी

रेझिस्टर सेगमेंटच्या आठ वायरींवर बसवायचे, अंकांच्या चार वायरींवर नाही. चार रेझिस्टरमध्ये भागतं म्हणून कॉमन पायाला रेझिस्टर लावण्याचा मोह होतो. तसं केलं की १ मधल्या दोन रेघा झगझगीत दिसतात आणि ८ मधल्या सात रेघा मलूल, कारण एकाच रेझिस्टरमधून येणारा करंट दोन वाटेकऱ्यांत वाटला जातो की सात, यावर उजेड ठरतो. प्रत्येक रेघेला तिचा स्वतःचा रेझिस्टर मिळाला की सगळे अंक सारखे उजळतात.

३३० ओहम कसा आला? बोर्ड ५ व्होल्ट देतो. लाल एलईडीवर साधारण २ व्होल्ट खर्च होतात, ट्रान्झिस्टरवर ०.२. उरले २.८ व्होल्ट. त्यांना ३३० ने भागलं की साडेआठ मिलीअँपियर. रेघेला पुरेसा, पिनेला झेपणारा.

आता ट्रान्झिस्टर, म्हणजे पिनेच्या छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. समजा एका अंकावर ८ आणि शिवाय टिंब लागलं आहे. आठ एलईडी गुणिले साडेआठ, म्हणजे ६८ मिलीअँपियर. हा सगळा करंट त्या अंकाच्या एकाच कॉमन पायातून बाहेर पडतो. उनोवरच्या एटमेगा३२८पी चिपच्या एका पिनेची कमाल मर्यादा ४० मिलीअँपियर आहे आणि रोजच्या वापरात २० च्या आत राहावं. कॉमन पाय थेट पिनेला जोडलेली सर्किटं सर्रास पाहायला मिळतात. ती चालतात, पण चिपवर दर सेकंदाला शेकडो वेळा अन्याय होत असतो. काकूंकडे दिवसाला आठ तास चालणारं यंत्र मी तसं देऊ शकत नव्हते. बीसी५४७ ची मर्यादा १०० मिलीअँपियर आहे, त्याला ६८ आरामात पेलतात.

जोडणी

डिस्प्ले ब्रेडबोर्डच्या मधल्या चरावर बसवा, सहा पाय वर, सहा खाली.

सेगमेंट ए ते जी आणि डीपी, प्रत्येकी ३३० ओहममधून, उनोच्या ४ ते ११ या पिनांना, त्याच क्रमाने: ए ४ ला, बी ५ ला, असं करत डीपी ११ ला. पिन ० आणि १ मोकळ्या ठेवा, प्रोग्राम चढवताना बोर्ड त्याच वापरतो. २ आणि ३ मी मुद्दाम राखून ठेवल्या आहेत, सेन्सर आणि बटणासाठी.

अंकांचे चार कॉमन पाय चार ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला. एमिटर जमिनीला, म्हणजे ग्राउंडला. बेस १ किलोओहममधून ए० ते ए३ या पिनांना. डावीकडचा हजाराचा अंक ए०, उजवीकडचा एककाचा ए३. या पिना ॲनालॉग म्हणून छापलेल्या असल्या तरी साध्या डिजिटल पिना म्हणूनही चालतात आणि तेव्हा त्यांचे क्रमांक १४ ते १७ असतात.

बीसी५४७ ची सपाट बाजू तुमच्याकडे, पाय खाली असा धरला की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. दुकानात बीसी५४७ संपला म्हणून पीएन२२२२ मिळाला तर सावध राहा. त्याच्या पायांचा क्रम उलटा आहे: एमिटर, बेस, कलेक्टर.

प्रोग्राम लिहायच्या आधी हाताने एक चाचणी घ्या. ए० ची वायर बोर्डवरून काढून ५ व्होल्टला लावा, तसंच पिन ४ ची वायरही. हजाराच्या अंकाची फक्त वरची रेघ पेटली पाहिजे. मग पिन ४ ची वायर परत ठेवून ५ ची घ्या, अशा आठही पाहा, आणि नंतर चारही अंक. दहा मिनिटं जातात. पण पुढे काही बिघडलं तर चूक वायरीत नाही हे तुम्हाला खात्रीने माहीत असतं, आणि ती खात्री रात्री अकरा वाजता फार मोलाची असते.

अंकांचे आकार आकड्यांत

चिपला ५ म्हणजे काय ते ठाऊक नाही. कुठल्या रेघा पेटवायच्या एवढंच तिला सांगायचं. त्यासाठी प्रत्येक रेघेला एक किंमत द्या: ए १, बी २, सी ४, डी ८, ई १६, एफ ३२, जी ६४, डीपी १२८. ज्या रेघा हव्यात त्यांच्या किमतींची बेरीज म्हणजे त्या अंकाचा आकार.

पाच काढून पाहू. वरची ए, डावी वरची एफ, मधली जी, उजवी खालची सी, तळाची डी. १ अधिक ३२ अधिक ६४ अधिक ४ अधिक ८, बेरीज १०९. अशी सगळी बेरीज केली की ० ते ९ साठी ही यादी मिळते:

६३, ६, ९१, ७९, १०२, १०९, १२५, ७, १२७, १११

यादी नुसती उतरवून घेऊ नका. निदान २ आणि ४ ची बेरीज स्वतः करा, म्हणजे उद्या डिस्प्लेवर उणे चिन्ह हवं असेल तर ६४ हे उत्तर तुमचं तुम्हालाच सुचेल. डिस्प्ले कॉमन ॲनोड असेल तर प्रत्येक संख्या २५५ मधून वजा करून वापरायची. शिवाय अंक निवडायला पीएनपी ट्रान्झिस्टर, उदाहरणार्थ बीसी५५७, ५ व्होल्टच्या बाजूला लावावे लागतात आणि ते पिन लो, म्हणजे ० व्होल्टवर, केल्यावर चालू होतात.

काकूंनी विचारलं होतं, आकडे मराठीत नाही का दिसणार? मी खूप रेघा खेळवून पाहिल्या. शून्य जमतं. पण देवनागरी १ काढायला गेलं की तो इंग्रजी नऊ होऊन बसतो आणि ४ ची एकमेकींना छेदणारी वळणं सात सरळ रेघांत बसतच नाहीत. त्यासाठी ठिपक्यांचा मॅट्रिक्स डिस्प्ले हवा.

प्रोग्राम

खाली कमांडची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. एडिटरमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत लिहायची. जोडशब्दातल्या दुसऱ्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं: डिजिटलराइट मधल्या राइटचं, पिनमोड मधल्या मोडचं. चलांची मराठी नावंही रोमन अक्षरांत ठेवा.

पहिली गोष्ट, वरची दहा आकड्यांची यादी एका ॲरेत, म्हणजे ओळीने क्रमांक दिलेल्या खान्यांत, ठेवा, नाव आकार. मग चार बाइटचा आणखी एक ॲरे घ्या, नाव नमुना. यात चार अंकांचे आकार भरून ठेवायचे. ही मोजणारा आणि दाखवणारा यांच्यातली खिडकी आहे. मोजणारा खिडकीत आकार ठेवतो, दाखवणारा उचलून डिस्प्लेवर लावतो. दोघांनी एकमेकांच्या घरात शिरायचं नाही.

सेटअपमध्ये, म्हणजे सुरुवातीला एकदाच चालणाऱ्या भागात, पिनमोडने ४ ते ११ आणि १४ ते १७ आउटपुट करा.

आता संख्येचे अंक सुटे करायचे. चौथीत शिकलेला भागाकार इथे कामाला येतो. समजा मोजणी २७३८ आहे. १० ने भागा: बाकी ८, हा एकक. भागाकार २७३. त्याला पुन्हा १० ने भागा: बाकी ३, दशक. भागाकार २७. पुन्हा: बाकी ७, शतक. उरले २, हजार. भाषेत बाकीसाठी टक्क्याचं चिन्ह आहे आणि पूर्णांकांचा भागाकार करताना दशांश आपोआप गळून पडतो, म्हणून वेगळं काही करावं लागत नाही.

फंक्शन भरा (संख्या):
  नमुना[३] = आकार[संख्या % १०]
  नमुना[२] = आकार[(संख्या / १०) % १०]
  नमुना[१] = आकार[(संख्या / १००) % १०]
  नमुना[०] = आकार[(संख्या / १०००) % १०]

सुरुवातीची शून्यं नको असतील, म्हणजे ००४२ ऐवजी नुसतं ४२, तर संख्या १००० पेक्षा कमी असताना नमुना[०] मध्ये ० भरा, १०० पेक्षा कमी असताना नमुना[१] मध्ये, १० पेक्षा कमी असताना नमुना[२] मध्ये. एककाची जागा कधीही रिकामी करू नका. कारखान्यात मी मात्र शून्यं ठेवली. अंक लांबून वाचताना चारही जागा उजळलेल्या असल्या की डिस्प्ले चालू आहे हे नजरेला लगेच कळतं.

आता दाखवणारा भाग. सेगमेंटच्या वायरी चारही अंकांना सामाईक आहेत, त्यामुळे एका वेळी एकच अंक पेटवता येतो. पहिला पेटवा, विझवा, दुसरा पेटवा, विझवा. प्रत्येकाला २ मिलिसेकंद दिले तर पूर्ण फेरी ८ मिलिसेकंदांची, सेकंदाला १२५ फेऱ्या. डोळ्याला चारही अंक एकदम पेटलेले दिसतात. प्रत्येकाला ५ मिलिसेकंद दिले तर ५० फेऱ्या होतात आणि डिस्प्लेकडे तिरकस नजरेने पाहिलं की थरथर जाणवू लागते. करून बघा, आकडा बदलून फरक डोळ्यांनी पाहण्यासारखा आहे.

फंक्शन दाखवा:
  जर मायक्रोज() − मागची_वेळ < २००० असेल तर परत फिरा
  मागची_वेळ = मायक्रोज()
  डिजिटलराइट(१४ + जागा, लो)
  जागा = (जागा + १) % ४
  क ० ते ७ साठी: डिजिटलराइट(४ + क, बिटरीड(नमुना[जागा], क))
  डिजिटलराइट(१४ + जागा, हाय)

जागा म्हणजे सध्या पेटलेल्या अंकाचा क्रमांक, ० ते ३. बिटरीड त्या अंकाच्या आकारात क क्रमांकाची रेघ हवी की नको ते सांगतं. यातला क्रम जपा. आधी जुना अंक विझवायचा, मग रेघा बदलायच्या, मग नवा अंक पेटवायचा. जुना अंक चालू असतानाच रेघा बदलल्या तर शेजारच्या अंकाची फिकट सावली या अंकावर पडते. ३ च्या मागे पुसट ८ दिसतोय, असं वाटू लागतं. पुष्कळ जण सावली दिसली की वायरी बदलत बसतात. खरं तर प्रोग्राममधल्या दोन ओळींची अदलाबदल केली की ती जाते.

मागची_वेळ हे चल अनसाइन्ड लाँग, म्हणजे उणे न होणारी मोठी पूर्ण संख्या, घ्या. मायक्रोज हा बोर्ड सुरू झाल्यापासूनच्या मायक्रोसेकंदांचा मोजक सुमारे ७१ मिनिटांनी पुन्हा शून्यावर येतो. पण वर लिहिल्याप्रमाणे वजाबाकी करून तुलना केली की त्या वळणावरही उत्तर बरोबर येतं. 'मायक्रोज() > मागची_वेळ + २०००' असं उलटून लिहिलं की मात्र त्या वळणावर प्रोग्राम अडखळू शकतो.

पहिला काउंटर: सेकंद

आता लूप, म्हणजे प्रोग्रामचा सतत फिरत राहणारा भाग. पहिल्या प्रयत्नात जवळजवळ प्रत्येक जण इथे डिले(१०००), म्हणजे हजार मिलिसेकंद थांब, असं लिहितो. मीही लिहिलं होतं. काय होतं ते एकदा स्वतः पाहाच: चारपैकी एकच अंक पेटून स्थिर राहतो, सेकंदाने दुसरा पेटतो, असं चालतं. डिलेच्या काळात चिप डोळे मिटून उभी असते आणि दाखवा या फंक्शनला कुणी हाक मारत नाही. म्हणून असं लिहा:

लूप:
  दाखवा()
  जर मिलिस() − मागचा_सेकंद >= १००० असेल तर
    मागचा_सेकंद = मागचा_सेकंद + १०००
    मोजणी = (मोजणी + १) % १००००
    भरा(मोजणी)

लूप सेकंदाला हजारो वेळा फिरतो. प्रत्येक फेरीत विचारतो, दोन मिलिसेकंद झाले का, एक सेकंद झाला का, आणि झालं नसेल तर पुढे जातो. कुठेही थांबत नाही. मागच्या सेकंदात १००० मिळवले आहेत, मिलिस() ची नवी किंमत भरलेली नाही, तेही लक्षात घ्या. नवी किंमत भरली तर प्रत्येक फेरीतला थोडासा उशीर साठत जातो.

प्रोग्राम चढवा. एककाची जागा धावू लागेल, नवावरून शून्यावर येताना दशक एकाने पुढे सरकेल. पहिल्यांदा ०००९ चे ००१० होताना पाहणं फार छान वाटतं. खूप वेळ पाहिलंत तरी चालेल.

हा काउंटर घड्याळ म्हणून वापरायचा विचार असेल तर थांबा. मूळ उनोवर मुख्य चिपला क्वार्ट्झ क्रिस्टल नसून सिरॅमिक रेझोनेटर असतो. अर्ध्या टक्क्याचा फरक धरला तरी दिवसाला ४३२ सेकंद, म्हणजे सात मिनिटांहून जास्त चूक. घड्याळासाठी डीएस३२३१ सारखी वेगळी चिप जोडा.

नुसता लूप पुरत नाही तेव्हा

तुमच्या प्रोग्राममध्ये दुसरं काही वेळखाऊ काम असेल तर लूपवर भिस्त ठेवून चालत नाही. डीएस१८बी२० सारखा तापमानाचा सेन्सर पूर्ण अचूकतेने वाचायला ७५० मिलिसेकंदांपर्यंत घेतो, तेवढा वेळ डिस्प्ले गोठेल. अशा वेळी दाखवण्याचं काम टायमर इंटरप्टकडे द्या, म्हणजे चिपमधला टायमर ठरावीक वेळाने चालू काम अडवून ते करून घेतो. टायमर १ वापरा: चिपचं १६ मेगाहर्ट्झ घड्याळ ६४ ने भागलं की सेकंदाला अडीच लाख ठोके. दोन मिलिसेकंदांत ५००. मोजणी शून्यापासून सुरू होते म्हणून ओसीआर१ए रजिस्टरमध्ये ४९९ भरा, टायमर सीटीसी मोडमध्ये (ठरलेल्या आकड्यावर पोचला की पुन्हा शून्यावर येतो) ठेवा आणि इंटरप्टच्या फंक्शनमध्ये दाखवा मधल्या शेवटच्या चार ओळी टाका. वेळ तपासणाऱ्या दोन ओळी मग लागत नाहीत.

इथे एक बारीक सापळा आहे. इंटरप्ट आणि लूप दोघेही वापरतात ती चलं व्होलाटाइल म्हणून जाहीर करा, म्हणजे त्यांची किंमत दर वेळी मेमरीतून ताजी वाचली जाते. आणि एटमेगा आठ बिटची चिप असल्यामुळे सोळा बिटची संख्या ती दोन घासांत वाचते. मोजणी २५५ वरून २५६ होण्याच्या नेमक्या क्षणी वाचली, तर अर्धी जुनी आणि अर्धी नवी मिळून ५११ दिसू शकतं. आपण मात्र इंटरप्टला मोजणी देतच नाही, नमुना देतो, आणि त्यातला प्रत्येक घटक एकाच बाइटचा आहे. खिडकी वेगळी ठेवण्याचा हा मोठा फायदा.

काकूंच्या यंत्राला मात्र इंटरप्ट लागला नाही.

पुड्या मोजणं

आयआर अडथळा सेन्सरला तीन पाय असतात: ५ व्होल्ट, ग्राउंड आणि आउटपुट. आउटपुट पिन २ ला जोडा. समोर काही नसताना तो हाय असतो, वस्तू आली की लो. बटण पिन ३ आणि ग्राउंडच्या मध्ये. पिनमोडमध्ये इनपुट पुलअप निवडा, म्हणजे वेगळा रेझिस्टर लागत नाही. बझर पिन १२ ला.

लो आहे म्हणून एक मिळवा, असं लिहिलं तर एका पुडीला हजारो मोजल्या जातील. दहा सेंटिमीटरची पुडी सेकंदाला पन्नास सेंटिमीटर वेगाने गेली तर सेन्सरसमोर ती २०० मिलिसेकंद असते आणि तेवढ्यात लूप शेकडो-हजारो फेऱ्या मारून येतो. म्हणून मोजायचा तो बदल: मागच्या फेरीत हाय होता आणि आता लो झाला, तरच एक.

एवढं करूनही पहिल्या दिवशी एका पुडीचे कधी दोन तर कधी तीन पडत होते. मी सेन्सरशेजारी बसून पाहिलं तेव्हा लक्षात आलं, पुडीचं प्लास्टिक चकचकीत आणि चुरगळलेलं. घसरताना एक सुरकुती किरण परत पाठवते, पुढची दुसरीकडेच फेकते, मग तिसरी पुन्हा परत. सेन्सरला एका पुडीच्या जागी दोन-तीन वस्तू दिसतात. उपाय: एक पुडी मोजली की पुढचे २५० मिलिसेकंद सेन्सरकडे पाहायचंच नाही. सील करणाऱ्या यंत्रातून दोन पुड्या सेकंदापेक्षा कमी अंतराने येत नव्हत्या, त्यामुळे खरी पुडी सुटण्याची भीती नव्हती. तुमच्या कामाचा वेग आधी मोजा आणि मग हा आकडा ठरवा.

जर आता == लो आणि मागे == हाय आणि मिलिस() − मागची_पुडी > २५० असेल तर
  मागची_पुडी = मिलिस()
  मोजणी = मोजणी + १
  भरा(मोजणी)
मागे = आता

शंभर झाले की बझर अर्धा सेकंद वाजतो. तोही डिले न वापरता: वाजायला लागल्याची वेळ लिहून ठेवायची आणि ५०० मिलिसेकंद झाले की बंद. शून्यावर आणायचं बटण मी साधं दाबून चालेल असं ठेवलं नाही, पूर्ण एक सेकंद दाबून धरावं लागतं. कोपर लागून ८७ चे शून्य झाले तर त्या बाईचं सकाळचं काम वाया जाणार. दाबून धरण्यामुळे बटणाच्या संपर्काची थरथर वेगळी हाताळावी लागत नाही, हा वरचा लाभ.

वीज गेली तरी आकडा राहावा म्हणून ईईप्रॉम, म्हणजे चिपमधली वीज गेल्यावरही न पुसणारी मेमरी, वापरता येतो, पण हात राखून. एका जागेवर सुमारे एक लाख वेळा लिहिता येतं. सेकंदाच्या काउंटरमध्ये प्रत्येक वाढीला लिहिलंत तर ती जागा २८ तासांच्या आत संपेल. मी दर दहा पुड्यांनी लिहिते आणि खोकं बदललं की लिहिण्याची जागाही पुढे सरकवते. उनोत १०२४ बाइट आहेत, जागेची टंचाई नाही.

टीएम१६३७ चं तयार मॉड्यूल घेतलं तर चार अंक दोनच सिग्नल वायरींवर चालतात आणि रेघा पेटवण्या-विझवण्याचं सगळं काम ते स्वतः करतं. दुसरं यंत्र बनवताना तेच वापरा, वेळ वाचतो. पहिलं मात्र हातानेच करा. त्यानंतर कुठल्याही दुकानातला वजनकाटा किंवा पेट्रोल पंपावरचे आकडे मोबाइलच्या कॅमेऱ्यातून लुकलुकताना दिसले की आत काय चाललं आहे ते तुम्हाला कळेल.

शेवटचं काम सेन्सर बसवण्याचं. घसरगुंडीच्या कडेला, पुडीपासून तीन-चार सेंटिमीटरवर, आणि खिडकीकडे पाठ करून. उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं, तिरीप थेट पडली की सेन्सर बावचळतो. मॉड्यूलवरचा निळा स्क्रू बारीक पेचकसाने फिरवा. रिकाम्या घसरगुंडीवर मॉड्यूलचा छोटा दिवा विझलेला आणि पुडी आली की पेटलेला, अशी जागा सापडेपर्यंत. मग वीस पुड्या हाताने सोडून डिस्प्लेवर ००२० येतात का पाहा, पुन्हा वीस सोडा, ००४० पाहा. यंत्राच्या थरथरीने स्क्रू हळूहळू ढिला होतो, म्हणून जागा बरोबर सापडली की त्यावर नेलपॉलिशचा एक थेंब टाकून वाळू द्या. काकूंकडे लाल होतं, तेच लावलं.